पांढरा, सोनेरी, निळा: वेगळ्याच रंगाचा साप ओळखायचा कसा

जून संपता संपता नागाची, धामणीची अंडी फुटू लागतात, घोणशीची पिल्लं बाहेर पडतात आणि पुढे सप्टेंबरपर्यंत सर्पमित्रांच्या फोनवर एकाच धाटणीचे फोटो येत राहतात. विटांच्या ढिगात सापडलेलं गुलाबीसर पांढरं पिल्लू, बांधावरची पिवळीधमक धामण, आंबोलीच्या जंगलात फांदीवर बसलेला केशरी साप. खाली प्रश्न ठरलेला: "हा कोणता, आणि विषारी आहे का?"

अडचण अशी की आपण सगळेच साप रंगावरून आणि नक्षीवरून शिकलेलो असतो. नाग म्हणजे फण्यावरचा दहाचा आकडा, घोणस म्हणजे पाठीवरची साखळी, मण्यार म्हणजे काळ्या अंगावर पांढरे आडवे पट्टे, फुरसं म्हणजे डोक्यावरचा बाण. सापाच्या कातडीतलं काळं रंगद्रव्य जन्मतःच नसेल तर या चारही खुणा एका झटक्यात पुसल्या जातात किंवा जेमतेम उरतात. विष मात्र तसंच राहतं. पांढऱ्या मण्यारीचा दंश काळ्या मण्यारीइतकाच घातक असतो. म्हणून रंग बाजूला ठेवून खवले वाचायला शिकावं लागतं. खवल्यांची रचना आणि त्यांच्या रांगांची संख्या रंगद्रव्य गेल्यानं बदलत नाही.

आधी अंतर, मग फोटो

साप जिवंत असेल तर किमान दहा फूट लांब राहा. बहुतेक साप स्वतःच्या लांबीच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत झेप घेऊ शकतात, म्हणजे पाच फुटी नागाला अडीच फूट पुरतात. दहा फूट हे अंतर साप अचानक तुमच्या दिशेनं वळला तर मागे सरकायला वेळ मिळावा म्हणून आहे. ओळख पटवण्यासाठी साप हातात घेणं, शेपटीला धरून उचलणं, काठीनं मान दाबणं यातलं काहीच लागत नाही. लागतात ते नीट काढलेले फोटो.

एक फोटो पूर्ण अंगाचा, डोक्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत. दुसरा डोक्याचा बाजूनं, ज्यात नाकपुडी, डोळा आणि वरचा ओठ एकाच चौकटीत येतील. सर्वांत जास्त उत्तरं याच फोटोतून मिळतात आणि नेमका हाच कोणी काढत नाही. तिसरा डोक्याचा वरून. चौथा अंगाच्या मध्यावरचा, खवले मोजता येतील इतका स्पष्ट. पाचवा शेपटीचा. साप सरपटत असेल तर दहा-पंधरा सेकंदांचा व्हिडिओ घ्या, नंतर त्यातून चित्रं थांबवून काढता येतात. मोबाइल पुढे नेऊ नका, झूम करा. झूमनं फोटो थोडा दाणेदार झाला तरी चालतो.

प्रकाशाकडे लक्ष द्या. रस्त्यावरच्या पिवळ्या दिव्याखाली तपकिरी कवड्या (मण्यारीसारखा दिसणारा बिनविषारी साप) केशरी दिसतो, पांढऱ्या एलईडीच्या उजेडात फिकी धामण जवळपास पांढरी होते. फ्लॅशमुळे गुळगुळीत खवले चकाकतात आणि त्यांच्या कडा हरवतात. दिवसा सावलीत काढलेला फोटो सर्वांत खरा. रात्र असेल तर टॉर्च समोरून न धरता एका बाजूनं तिरपा धरा. खवल्यांच्या कडांना बारीक सावली पडते आणि ते मोजता येतात. साप निघून गेल्यावर त्याच जागी एखादी चप्पल किंवा पट्टी ठेवून तेवढ्याच अंतरावरून आणखी एक फोटो काढा, म्हणजे लांबीचा अंदाज बांधता येतो. अंदाजानं सांगितलेली लांबी जवळजवळ नेहमीच दीडपट-दुप्पट असते.

मेलेला साप असला तरी हात लावू नका. विषारी सापाचं डोकं धडापासून तुटलं असलं तरी काही काळ चावू शकतं. उलटवायचा असेल तर लांब काठीनं.

रंग खरंच वेगळा आहे का?

"दुर्मिळ" म्हणून आलेल्या फोटोंतले बरेच साप मुळात दुर्मिळ नसतात. ते आधी वगळा.

कात टाकायच्या आधी साप फिकट, धुरकट, निळसर दिसतो, डोळ्यांवर दुधी पडदा येतो. पडदा काही दिवस राहतो, मग डोळे पुन्हा स्वच्छ होतात आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत कात पडते. वाळा हा गांडुळासारखा बारीक साप या काळात इतका निळसर-राखाडी होतो की लोकांना नवीनच जात सापडल्यासारखं वाटतं. डोळे दुधी असतील तर रंगावरून कोणताच निष्कर्ष काढू नका.

पिल्लांचा रंग बरेचदा मोठ्यांपेक्षा वेगळा असतो. मांडुळाचं पिल्लू तांबूस-केशरी असतं आणि शेपटीकडे काळे पट्टे असतात, मोठं झाल्यावर ते मातकट तपकिरी किंवा काळसर होतं. गवत्या सापाच्या पिल्लाच्या मानेवर काळी-पिवळी ठळक खूण असते, ती वयानुसार पुसट होते. धामणीच्या पिल्लावर आडवे पट्टे असतात आणि ते तस्कर नावाचा साप किंवा आणखी काही म्हणून खपतं.

काही जातींत मुळातच अनेक रंग असतात. धामण हिरवट, करडी, पिवळी, जवळजवळ काळी, कशीही असू शकते, आणि सोनेरी धामण अगदी नेहमीची आहे. नागही गव्हाळ, तपकिरी, काळाकुट्ट सापडतो, आणि फण्यावर काहीच आकडा नसलेला नाग महाराष्ट्रातही दिसतो. फुरसं करडं, मातकट, विटकरी असं वेगवेगळं असतं. हरणटोळ हिरवा असतो तसा तपकिरीही. रंगांची सगळ्यात मोठी उधळण मात्र मलबार चापड्यात आहे. आंबोलीत, चोर्ल्यात, गोव्यातल्या म्हादईच्या जंगलात एकाच पावसाळी रात्री हिरवा, तपकिरी, पिवळा, केशरी असे चार चापडे दिसू शकतात. चारही जण एकाच जातीचे आणि चारही जण विषारी. इथे "वेगळा रंग" हा प्रश्नच लागू होत नाही.

चिडलेला किंवा नुकतंच भक्ष्य गिळलेला सापही फसवतो. अंग फुगलं की खवल्यांच्या मधली कातडी दिसू लागते. रुकई या झाडावरच्या सापाच्या खवल्यांआडून आकाशी निळा रंग डोकावतो, हरणटोळाच्या अंगावर काळी-पांढरी चौकट उमटते. साप शांत झाला की दोन्ही नाहीसे होतात.

मेलेला हिरवा साप निळा पडतो. हिरवा रंग हा पिवळं रंगद्रव्य आणि त्याखालच्या चमकदार पेशींनी परतवलेला निळा प्रकाश यांच्या मिश्रणातून तयार होतो. मेल्यावर पिवळं विरतं आणि निळं उरतं. रस्त्यावर चिरडलेला "निळा साप" बहुतेक वेळा चापडा किंवा हरणटोळ निघतो. आणि शेवटी माती: जांभ्याच्या लाल चिखलातून आलेला साप लाल दिसतो, काळ्या रानातला काळा. पावसात धुऊन निघेपर्यंत थांबा.

कोणता रंग हरवला आहे

हे सगळं वगळूनही साप वेगळाच वाटत असेल तर डोळा बघा.

डोळा लाल किंवा गुलाबी, जीभही गुलाबी असेल तर तो अल्बिनो. त्याच्या अंगात काळं-तपकिरी रंगद्रव्य, म्हणजे मेलॅनिन, तयार होत नाही. पिवळी आणि लाल रंगद्रव्यं वेगळ्या पेशींत असतात, ती शाबूत राहतात. म्हणून अल्बिनो साप दुधासारखा पांढराच असेल असं नाही. बहुतेक जण फिकट पिवळे, गुलाबी किंवा फिक्या केशरी नक्षीचे असतात. उलट साप पांढरा पण डोळा काळा असेल तर तो ल्युसिस्टिक असण्याची शक्यता जास्त. त्यात बहुतेक रंगपेशीच कातडीत पोहोचलेल्या नसतात, म्हणून पिवळ्या नक्षीचा मागमूसही राहत नाही. अंगावर पांढऱ्या रंगाचे मोठे ठिपके आणि बाकी भाग नेहमीचा, असा साप कबरा, म्हणजे पायबाल्ड. मेलॅनिन आहे पण कमी, तर सगळी नक्षी जागच्या जागी, फक्त चहात दूध जास्त झाल्यासारखी. मेलॅनिन जास्त झालं तर नक्षी बुडून अंग काळंभोर होतं. हिरव्या सापात पिवळं रंगद्रव्यच नसेल तर तो जिवंतपणीही निळा दिसतो.

फ्लॅशमध्ये काढलेल्या फोटोतला लाल डोळा धरू नका. दिवसाच्या उजेडातला फोटो हवा.

हे नाव कळल्यानं जात कळत नाही, पण पुढे काय शोधायचं ते कळतं. अल्बिनो असेल तर नक्षी पिवळ्या रंगात लपलेली असते. मोबाइलवरच फोटोचा उजेड कमी करा आणि रंगांची तीव्रता वाढवा. घोणशीची साखळी, मण्यारीचे पट्टे, नागाचा दहाचा आकडा असं काहीतरी फिक्या पिवळ्या छटेत बरेचदा वर येतं. ल्युसिस्टिक सापात हे करून उपयोग नाही. फोटोवरून जात सांगणारी ॲप्सही इथे कामाची नाहीत. ती रंग आणि नक्षी पाहूनच अंदाज बांधतात, आणि पांढऱ्या मण्यारीला निर्धोक सापाचं नाव मिळणं जिवावर बेतू शकतं.

खवले कुठे आणि कसे बघायचे

डोक्यावरून सुरुवात करा. नाग, मण्यार, धामण, कवड्या, दिवड (पाण्याकाठचा बिनविषारी साप) यांच्या डोक्यावर ढालींसारखे मोठे, सममित खवले असतात. घोणस आणि फुरशाच्या डोक्यावर पाठीसारखेच बारीक, खरखरीत खवले असतात. पांढऱ्या सापाचं डोकं मोठं, त्रिकोणी आणि बारीक खवल्यांनी भरलेलं असेल तर पुढे काही न तपासता मागे सरका. चापड्याच्या डोळा आणि नाकपुडीच्या मध्ये एक खोल खळगा असतो, त्यानं तो उष्णता ओळखतो. अजगराचे असे खळगे ओठांवर असतात.

आता डोक्याची बाजू. नाकपुडीला लागून एक खवला असतो, डोळ्याच्या पुढे एक खवला असतो. या दोघांच्या मध्ये आणखी एखादा लहान खवला आहे का ते पाहा. त्याला लोरिअल म्हणतात. मोठ्या ढालींचे खवले असलेल्या सापांत हा खवला कवड्या, धामण, दिवड, तस्कर यांना असतो. नागाला आणि मण्यारीला नसतो. एवढ्या एका खवल्यानं निम्मं काम होतं, म्हणून तर बाजूच्या फोटोवर इतका भर.

पाठीवरचे खवले गुळगुळीत आहेत की प्रत्येकाच्या मधोमध उभी धार आहे, हे तिरप्या प्रकाशात कळतं. या धारेला सर्पमित्र कील म्हणतात. मग रांगा मोजा. अंगाच्या मध्यावर, पोटाच्या रुंद पट्टीला लागून असलेल्या पहिल्या खवल्यापासून सुरुवात करून तिरपं वर चढा आणि पाठीच्या कण्यावरून पलीकडच्या पोटपट्टीपर्यंत तिरपं उतरा. पोटपट्टी मोजायची नाही. दोनदा मोजा, वेगवेगळ्या ठिकाणी. मानेजवळ किंवा शेपटीजवळ मोजलं तर आकडा कमी-जास्त येतो आणि सगळी ओळख घसरते. हीच चूक सर्वाधिक होते. फोटोतून मोजताना एका बाजूच्या रांगा दिसतात तेवढ्या मोजून दुप्पट कराव्या आणि कण्यावरची रांग एकदाच धरावी.

शेपटीखालचे खवले मेलेल्या सापावर, कातेवर किंवा काच-बरणीत ठेवलेल्या सापावर खालून बघता येतात. ते एकसंध आहेत की मधोमध दुभागलेले, एवढंच पाहायचं. मण्यार आणि फुरसं यांचे एकसंध असतात. मांडूळ आणि डुरक्या घोणस या बिनविषारी सापांचेही एकसंध असतात, त्यामुळे हा पुरावा एकटा पुरेसा नाही. नाग, घोणस, धामण, कवड्या, दिवड यांचे दुभागलेले.

मण्यार की कवड्या

या जोडीवर थांबायला हवं, कारण रंग गेलेल्या सापांत सर्वांत महाग पडणारी चूक इथेच होते. नेहमीच्या रंगातही लोक यांत गोंधळतात. मण्यारीचे पट्टे मानेपासून थोडं अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होत जातात. कवड्याचे पट्टे मानेशीच सुरू होतात आणि मागे विरळ होतात. अल्बिनोत गुलाबीसर अंगावर पांढरे पट्टे उरतात, जे दिसले तर दिसले. पट्टे नसलेली, मळकट तपकिरी मण्यारही असते. तेव्हा पट्टे विसरा आणि चार गोष्टी क्रमानं पाहा.

पहिली, कण्यावरची रांग. मण्यारीच्या पाठीच्या मधोमध एक रांग मोठ्या, षटकोनी खवल्यांची असते, शेजारच्या खवल्यांपेक्षा ठसठशीत. ती वरून काढलेल्या साध्या फोटोतही दिसते, आणि पांढऱ्या सापातही. कवड्याच्या पाठीवर सगळे खवले सारखे. दुसरी, लोरिअल: कवड्याला आहे, मण्यारीला नाही. तिसरी, खालच्या ओठाचे खवले: समोरून मोजत गेल्यावर मण्यारीचा चौथा खवला सर्वांत मोठा असतो. चौथी, मध्यावरच्या रांगा: मण्यारीच्या सहसा १५, कवड्याच्या १७. मण्यारीत क्वचित १७ ही येतात, म्हणून केवळ १७ आकडा आला म्हणून "कवड्या" म्हणायचं नाही. मेलेला साप असेल तर पाचवी गोष्ट शेपटीखाली: मण्यारीचे खवले अखंड, कवड्याचे जोडीनं.

कण्यावरची रांग स्पष्ट मोठी दिसली तर बाकीच्यांची वाट पाहू नका. ती मण्यार मानून चाला. फोटो धूसर असेल, काहीच ठरवता येत नसेल, तरीही ती मण्यारच समजा आणि घरात असेल तर रात्री कोणालाही जमिनीवर झोपू देऊ नका. वागणूकही थोडी मदत करते. कवड्या खडबडीत भिंतीवर सहज चढतो, छपराच्या वाशांत राहतो, पाली खातो. मण्यार बहुतेक जमिनीवर असते, दिवसा सुस्त पडते, डिवचलं तर वेटोळ्यात डोकं लपवते. ही सुस्ती पाहून लोक तिला निर्धोक समजतात, आणि तिथेच घात होतो. लांबीवर मात्र भिस्त नको. मण्यारीचं पिल्लूही कवड्याएवढंच असतं.

पांढरा नाग आणि पांढरी दिवड

पांढरा नाग सापडला की हळद-कुंकू, दूध, नारळ घेऊन गर्दी जमते, आणि त्या गर्दीत साप आणि माणसं दोघंही धोक्यात येतात. साप दूध पचवू शकत नाही. तहानलेला आणि घाबरलेला साप समोर येईल ते पाणी समजून पितो. अशा वेळी तो नाग आहे की पाण्याकाठची दिवड, हे पटकन सांगता आलं तर बरंच काही टळतं.

गफलत यासाठी होते की दिवडही चिडली की मान चपटी करते. नेहमीच्या दिवडीच्या डोळ्यापासून ओठांकडे आणि मागे जाणाऱ्या दोन काळ्या रेघा असतात, त्यांनी ती लगेच ओळखू येते. अल्बिनोत त्या रेघाच नसतात. मग खवले बघा. दिवडीच्या पाठीवर कील असते, नागाची पाठ गुळगुळीत. दिवडीच्या मध्यावर १९ रांगा, नागाच्या २१ ते २५, बहुधा २३. दिवडीला लोरिअल असतो. नागाला नसतो, आणि त्याच्या वरच्या ओठाचा तिसरा खवला इतका मोठा असतो की तो डोळ्यालाही लागतो आणि नाकपुडीच्या खवल्यालाही. नागाच्या खालच्या ओठावर चौथ्या आणि पाचव्या खवल्यांच्या मध्ये एक चिमुकला त्रिकोणी खवला असतो. चांगल्या फोटोत तो दिसतो आणि मग शंका उरत नाही. वागण्यातला फरकही स्पष्ट आहे. नाग अंगाचा पुढचा भाग सरळ वर उचलून फणा पसरतो, दिवड मान चपटी करते, कधी डोकंही थोडं वर उचलते, पण नागासारखी उंच उभी राहून रुंद फणा काढत नाही.

पांढऱ्या धामणीलाही असंच नाग ठरवतात. धामणीचे डोळे मोठे आणि भरदार, मान बारीक, मध्यावर १७ च्या आसपास रांगा आणि लोरिअलचे बहुधा एकाहून अधिक खवले.

घोणस, फुरसं आणि त्यांची सोंगं

इथे काम तुलनेनं सोपं आहे, कारण घोणशीचा बांधा रंगावर अवलंबून नाही: जाड अंग, आखूड शेपटी, मोठ्या नाकपुड्या, उभी बाहुली, खरखरीत कील आणि मध्यावर २७ ते ३३ रांगा. अल्बिनो घोणशीत तपकिरी साखळीच्या जागी फिक्या केशरी गोल खुणा दिसतात. शिवाय ती कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फुत्कार सोडते. पांढऱ्या घोणशीला लोक अजगराचं पिल्लू समजतात. अजगराच्या पिल्लाची पाठ गुळगुळीत असते, ओठांवर खळगे असतात. डुरक्या घोणशीचं डोकं मानेपासून वेगळं दिसत नाही, डोळा अगदी बारीक, शेपटी अचानक बोथट संपणारी आणि तिच्यावर कील इतकी तीक्ष्ण की कानशीसारखी. पोटाच्या पट्ट्याही अरुंद. ती बिनविषारी आहे.

फुरसं लहान असतं, महाराष्ट्रात सहसा फूट-दीड फुटाचं. अंगाच्या बाजूचे खवले तिरपे आणि करवतीसारखे. इंग्रजी सी सारखी वेटोळी एकमेकांवर घासून ते खरखर आवाज करतं. हा आवाज ऐकला की रंगाचा विचारच करू नका.

हरणटोळाची बाहुली आडवी असते, थूथन टोकदार. महाराष्ट्रात अशी बाहुली दिसली तर रंग हिरवा असो, निळसर असो वा तपकिरी, तो हरणटोळच.

दंश झाला तर

ओळखीत वेळ घालवू नका. अंगठी, घड्याळ, पैंजण काढा, दंश झालेला भाग हलणार नाही असा पट्टीनं बांधा, १०८ ला फोन करा आणि सर्पदंशावर उपचार होणाऱ्या रुग्णालयात पोहोचा. चिरा देऊ नका, आवळपट्टी बांधू नका, चोखू नका, बर्फ लावू नका, साप पकडून सोबत नेऊ नका. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर मिळून एकच असतं, आणि डॉक्टर लक्षणं पाहून उपचार करतात. साप पांढरा होता म्हणून प्रतिविष वेगळं लागत नाही. मण्यारीच्या दंशात सूज आणि वेदना फारशी नसते. पहाटे पोटदुखी, पापण्या जड होणं, बोलणं अडखळणं ही तिची लक्षणं, आणि ती दिसायची वाट पाहायची नसते.

नोंद आणि जागा

साप वस्तीत असेल तर वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर किंवा नोंदणीकृत सर्पमित्राला कळवा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ नुसार परवानगीशिवाय साप पकडणं, पाळणं, विकणं, खेळवणं हा गुन्हा आहे. अल्बिनो साप याला अपवाद नाहीत, उलट त्यांच्यावर तस्करांचा डोळा जास्त असतो. मांडुळाच्या बाबतीत ही लालूच कुठवर जाते ते सर्वांना ठाऊक आहे. म्हणून फोटो टाकताना गावाचं नाव, शेताचं नाव, मागे दिसणारी देवळाची कमान हे काहीच दिसू देऊ नका. तालुका पुरे. आय-नॅचरलिस्ट या जीवनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करत असाल तर ठिकाण "ऑब्स्क्युअर्ड" ठेवा, मग जगाला ते सुमारे २० किलोमीटरच्या चौकोनात कुठेतरी दिसतं.

नोंदीत तारीख, वेळ, तालुका, लांबीचा अंदाज आणि तो कशावरून, डोळ्याचा रंग कोणत्या उजेडात पाहिला, मध्यावरच्या रांगा, लोरिअल आहे की नाही, कील आहे की नाही, एवढं लिहा. जी गोष्ट दिसली नाही ती "दिसली नाही" अशीच लिहा. "नसावी" असं लिहिलेली नोंद पुढे कोणाच्याही उपयोगाची राहत नाही. साप सोडायची वेळ ठरवणं वनविभागाच्या हातात आहे, पण सांगता येत असेल तर संध्याकाळ सुचवा. मेलॅनिन नसलेल्या डोळ्यांना ऊन सोसत नाही, आणि दुपारी उघड्यावर सोडलेलं पांढरं पिल्लू घारीला लांबून दिसतं.

साप निघून गेला आणि फोटोही मिळाला नाही, तर आसपास कात शोधा. भिंतीच्या फटीत, दगडी बांधात, फडताळामागे ती अडकलेली असते. कात उलटी निघते आणि ताणली जाते, म्हणून तिच्यावरून लांबी धरू नका. पण रांगा, कील, डोक्यावरचे खवले, लोरिअल, शेपटीखालचे खवले सगळं तिच्यात शाबूत असतं, आणि बिनधोक मोजता येतं. चुरगळली असेल तर कोमट पाण्यात थोडा वेळ भिजवून काळ्या कागदावर पसरवा. मण्यारीची कण्यावरची मोठी रांग काळ्या कागदावर लगेच उठून दिसते. नेहमीच्या रंगाच्या सापाच्या कातेत नक्षीची पुसट काळी छाया राहते. ती छाया कुठेच नसेल आणि कात पूर्ण काचेसारखी असेल, तर तुम्ही पाहिलेला पांढरा साप बहुधा खरोखरच पांढरा होता.